राब पेटवण्याआधीची हाक

समोरच्या उतारावर फांद्या-पाल्याचे ढीग दिसतात ना, ते आमचे राब. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, म्हणून रचलेले. आणि त्यावर शेपटीचा पंखा उघडून भिरभिरतेय ती नाचण. तुम्ही मंडळी दुर्बिणी लावून कौतुकानं बघता, किती छान नाचते म्हणता. म्हणा बापडे. आमच्या वाडीत कुणी तिला नाचते म्हणत नाही.

फार पूर्वी इथे कोंडाई नावाची विधवा राहायची, असं सांगतात. तिला एकच लेक, ठमी. ठमी गुरांमागे निघाली की गवतातून किडे उडायचे आणि ते टिपायला एक नाचण दिवसभर तिच्या मागेपुढे असायची. दोघींचं चांगलं जमलं होतं म्हणे.

एका चैत्रात कोंडाईनं राब रचला. उन्हानं दमलेली ठमी फांद्यांखालच्या सावलीत शिरली आणि तिथेच झोपली. आईला वाटलं, पोर गुरांकडे गेली. वारा पडला तसा तिनं पलिता हातात घेतला.

तेवढ्यात नाचण आली. ढिगावर उतरली, कोंडाईच्या तोंडावर झेपावली, पुन्हा ढिगाकडे गेली. आता राब पेटला की किडे बाहेर पडतात आणि पाखरं गोळा होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोंडाई हसली. म्हणाली, "दम धर गं बाय, जाळ लागू दे. मंग खा पोटभर." आणि तिनं पलिता टेकवला.

वाळका पाला तो, भडकायला कितीसा वेळ? आतून किंकाळी आली तशी कोंडाई हातांनी जाळ उपसत आत घुसली. लोकांनी तिला ओढून काढलं. ठमी गेली.

तेव्हापासून नाचण एका जागी ठरत नाही, आणि तिचं गाणं वर चढता चढता मध्येच तुटतं, असं म्हणतात. कोंडाई पुढे पुष्कळ जगली. दर चैत्रात ती बांधाबांधावर जायची, पेटवणाऱ्याचा हात धरायची. "आधी पोरांना हाका मारा," एवढंच बोलायची.

आजही राब पेटवण्याआधी घरची बाई प्रत्येक पोराला नावानं हाक मारते. एकेक पोर बांधावरून 'ओ' देतं. सगळ्यांची झाली की शेवटी "ठमेऽऽ" अशी हाक जाते. 'ओ' येत नाही. सगळे थोडा वेळ थांबतात. मग बाई काडी ओढते.