पाच दुहेरी ओळी

फार पूर्वी खडकातल्या एका डबक्यात समुद्रसाळू नावाचे गोल, काटेरी जीव राहत. एकदा ओहोटीच्या वेळी चपटा, आखूड काट्यांचा एक साळू डबक्याच्या कडेवर अडकला. "मला आत घ्या, मी सुकतोय," तो म्हणाला.

"आमचं तोंड मधोमध, तुझं पुढे. तू आमच्यातला नाहीस," म्हातारी शूलिका म्हणाली. तो तिथेच मेला.

काही दिवसांनी त्याचं काटे गळालेलं कवच भरतीने डबक्यात आणलं. त्यावर बारीक छिद्रांच्या पाच दुहेरी ओळी होत्या. शूलिकेच्या मेलेल्या मुलाच्या कवचावरही तशाच पाच होत्या.

तिने मुलाचं कवच ढकलत त्याच्याजवळ नेलं. "हा तुझा भाऊ रे," ती म्हणाली. "मी त्याला ओळखलं नाही."

दोघांवर वाळू साचली, वाळूचा दगड झाला. त्या दगडात ते अजून शेजारी शेजारी आहेत.