अपुरं राहिलेलं वाक्य

"मग सुरुवात कोणी केली, तेवढं तरी सांगा, बुवा!"

निशिकांत राईलकर मठाच्या ओट्यावर बसला होता. बसला होता म्हणायचं इतकंच. त्याचा एक गुडघा सारखा हलत होता.

दयाळबुवांनी मान वर केली नाही. त्यांच्यापुढे परातीत मोड आलेले वाल होते. एकेक दाणा चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा. साल एकीकडे, डाळिंबी दुसरीकडे.

"एक म्हणतो, अठ्ठेचाळीस साली लाखो माणसांना घरादारातून हुसकावलं, तिथून सुरुवात. दुसरा म्हणतो, त्याच्याही आधी, एकोणतीस साली हेब्रॉनला ज्यूंची कत्तल झाली, तिथून. मी म्हटलं, आणखी मागं जा. इंग्रजांनी एकाच जमिनीची आशा दोघांना लावली, तिथून. एकेक धागा उसवून दाखवला मी. काल आपल्या गावच्या वाचनालयात उभं राहायला जागा नव्हती, बुवा."

"असं?"

"वादसभेचा विषयच तसा होता. इस्रायल-पॅलेस्टाइन, हिंसेचं मूळ कशात? मुद्दाम पुण्याहून आलो त्यासाठी."

निशिकांत पुण्यात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. त्याचं नाव झालं होतं. पण वाद कसा घालावा, समोरच्याचं म्हणणं कुठं धरावं आणि कुठं सोडावं, याचे पहिले धडे त्यानं लहानपणी याच ओट्यावर, बुवांपाशी गिरवले होते. म्हणून तर तो सकाळीच इथं आला होता. टाळ्या काल मिळाल्या होत्या. आज बुवांच्या तोंडून एक शब्द हवा होता.

"समोर कोण होतं?" बुवांनी विचारलं.

"डॅनियलकाका. आपले ड्रॉइंगचे मास्तर."

डॅनियल मास्तरांचं साटमकर घराणं गावातलं जुनं बेने इस्रायली, कोकणात रुजलेल्या मराठी ज्यूंपैकी. एके काळी त्यांचा तेलाचा घाणा होता. निम्मं कुटुंब कधीच इस्रायलला गेलं. मास्तरांची बहीणही लग्न होऊन तिकडेच गेली. डॅनियल मास्तर आणि त्यांची बायको मोझेलबाई मात्र इथेच राहिले.

"काय म्हणाले मास्तर?"

"त्या बाजूचे लोक म्हणतात तेच. शेजाऱ्यांनी आम्हाला कधी कबूलच केलं नाही, एक रात्र निर्धास्त झोपू दिली नाही. मी प्रत्येक मुद्दा खोडून काढला."

"शेवटी काय म्हणाले?"

"शेवटी मीच बोललो."

"तुझं नव्हे. त्यांचं शेवटचं."



स्वतःचं शेवटचं वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. कुठं थांबलो, कुठं आवाज खाली आणला, सगळं. मास्तरांचं मात्र...

"माझ्या बहिणीचा नातू त्या दिवशी सकाळी... असं काहीतरी म्हणत होते. ऑक्टोबरात हमासनं केलेल्या त्या हल्ल्यात त्यांच्या बहिणीचा नातू मारला गेला ना, त्याचं."

"पुढं?"

"पुढं... मी म्हटलं, काका, हा परिणाम झाला. आपला विषय कारणांचा आहे."

"मग?"

"टाळ्या पडल्या."

बुवांची बोटं थांबली. चिमटीतला दाणा तसाच धरून ते परातीकडे बघत राहिले.

"म्हणजे वाक्य अपुरं राहिलं."

"राहिलं खरं."

"जा. पुरं करून घेऊन ये."

निशिकांतला हसू आलं. "बुवा, मी तुमचा कौल मागायला आलोय."

"देतो की. पण अर्ध्या बोलण्यावर कसा देऊ?"

बुवांनी दाणा सोलला आणि दुसरा उचलला. आता ते बोलणार नाहीत, हे निशिकांतला सवयीनं कळलं.

तो उठला.

सुपारीच्या वाड्यांमधून जाताना त्यानं मनाशी जुळवणीही करून टाकली. काका, काल वेळेअभावी तुमचं बोलणं राहिलं, क्षमा करा. मग ते सांगतील. आपण शांतपणे ऐकायचं. मोठेपणानं मान डोलवायची. पाच मिनिटांचं काम. दुपारच्या जेवणाच्या आत पुण्याच्या रस्त्याला लागता येईल.

साटमकरांच्या घराचं फाटक त्यानं ढकललं आणि तो जागच्या जागी थबकला.

पडवीत खुर्चीवर रीम बसली होती. केस ओले. अंगात मोझेलबाईंचा ढगळ, फुलाफुलांचा गाऊन.

रीम गाझाची. पुण्यात औषधशास्त्र शिकत होती. निशिकांतनंच तिला काल आपल्या गाडीतून आणलं होतं आणि पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषण रंगात आलं तेव्हा त्यानं तिच्याकडे हात करून सांगितलं होतं, "ही पाहा. हिचा भाऊ बॉम्बहल्ल्यात गेला. करीम त्याचं नाव. आता विचारा मला, हिंसेचं मूळ कशात!" सभागृह सुन्न झालं होतं. मग त्याच्याभोवती माणसांचं कोंडाळं जमलं. कुणी सही मागितली, कुणी फोटो. कुणीतरी जेवायला ओढून नेलं.

आणि त्यानंतर रीमचं काय झालं, हे या क्षणापर्यंत त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"रीम... तू इथं?"

"तुम्ही गेलात, सर."

एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

मोझेलबाई दारात आल्या. "वाचनालयाच्या पायरीवर बसली होती पोर. दिवे मालवून सगळे निघून गेले तरी बसलेलीच. सर येतील, म्हणत होती." त्यांनी पदराला हात पुसले. "म्हटलं, चल घरी. ये रे निशू, वर ये. उन्हात काय उभा?"

निशू. या गावात त्याला अजून त्या नावानं हाक मारणारं हे एकच घर उरलं होतं.

डॅनियल मास्तर आतून स्टूल घेऊन आले. स्वतः स्टुलावर बसले आणि आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"चहा टाकायला सांगू?"

"नको, काका." जुळवून आणलेलं पहिलंच वाक्य त्याला सापडेना. "मी... काल तुमचं वाक्य राहिलं. ते ऐकायला आलोय."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"बहिणीचा नातू त्या दिवशी सकाळी, असं म्हणत होतात तुम्ही."

"हो."

मास्तरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. पुन्हा लावला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. पडवीत माश्या घोंगावत होत्या. मोझेलबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या.

"नाही येत रे," मास्तर शेवटी म्हणाले.

"आठवून बघा, काका."

"आठवतं सगळं. बोलता येत नाही. योनातान गेल्यापासून असंच आहे. बहिणीचा फोन येतो. आम्ही हवेचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. त्याचं नाव निघालं की दोघंही गप्प." त्यांनी हातांकडे पाहिलं. "काल एवढ्या माणसांत कसं कोण जाणे, आलं होतं ओठांवर. पहिल्यांदाच... मला वाटलं, आता बोलून होईल एकदाचं."

"थोडा प्रयत्न करा ना, काका. मला ते बुवांकडे घेऊन जायचंय."

शब्द तोंडातून गेले आणि त्याच्याच कानांवर आदळले.

घेऊन जायचंय.

त्याचे कान तापले. काल त्यानं एक मेलेला पोरगा व्यासपीठावरून ढकलून दिला होता. आज तोच पोरगा न्यायला तो आला होता, पिशवीत भाजी घालून न्यावी तसा.

रीमनं हातातला कप खाली ठेवला.

"सर, मी बोलू?"

त्यानं मान हलवली.

"तुम्ही काल बोललात, ते खोटं नव्हतं. माझ्या आजोबांचं घर गेलं. ते खरं आहे." तिचं मराठी पुण्यात शिकलेलं, जपून पावलं टाकणारं. "रात्री मी काकांशी भांडले. खूप. ते बोलतात ते मला पटत नाही."

"आणि मला हिचं पटत नाही," मास्तर म्हणाले.

"हो. सकाळी पण नाही पटलं." ती जराशी थांबली. "पण सर, करीम गेला ना, तेव्हा हॉस्टेलमध्ये खूप लोक माझ्या खोलीवर आले. एकानं मला सांगितलं, तो का मेला. मग दुसऱ्यानं सांगितलं, नाही, या कारणानं मेला. सगळ्यांना माहीत होतं का मेला. कोणी... कोणी विचारलं नाही, कसा होता."

निशिकांतला तिच्याकडे बघवेना. तो फरशीकडे बघत राहिला.

"काल तुम्ही त्याचं नाव माईकवर घेतलं. मला विचारलं नाही."

"रीम, मी तुझ्याच बाजूनं..."

"हो, सर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. करीमच्या नावावर टाळ्या."

आयुष्यभर ज्याला शब्दांची कधी वाण पडली नाही, तो माणूस त्या खुर्चीत घामाघूम होऊन बसून राहिला.

कसा होता करीम? कसा होता योनातान? विचारावंसं त्याला वाटलं. जीभ उचललीही. पण आता विचारलं तर तोही एक मुद्दाच होईल, हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की त्यानं ओठ घट्ट मिटले. विचारायची वेळ काल होती. आणि काल तो बोलत होता.

तो उठला. हात जोडले. कुणाकडे बघून, ते त्यालाही कळलं नाही.

"रीम, मी निघतोय पुण्याला. गाडीत जागा आहे. सोडतो तुला."

"मी एसटीनं जाईन, सर."

"डबा करून देणार आहे मी तिला," मोझेलबाई घाईघाईनं म्हणाल्या, जणू अपमान झाला तो त्यांच्याच घराकडून झाला होता. "तू काळजी करू नको."

मास्तर फाटकापर्यंत आले. फाटकाची कडी त्यांनीच काढली.

"बुवांना सांग," ते म्हणाले, "डॅनियलला नाही जमलं म्हणावं."

दोष त्यांनी स्वतःवर घेतला. निशिकांतला तो परत मागता आला नाही. तो नुसती मान खाली घालून बाहेर पडला.

येताना लागली त्याच्या दुप्पट वेळ त्याला परतीला लागली. वाटेत वाचनालयाजवळ कालचे दोघं-तिघं भेटले. "काय धुतलंत हो मास्तरांना!" एकजण कौतुकानं म्हणाला. निशिकांतनं ऐकलं आणि तो चालत राहिला. अंगावर कुणीतरी खरकटं पाणी टाकावं, तसं त्याला झालं.

मठात बुवांचे वाल सोलून झाले होते. साली त्यांनी केळीच्या आळ्यात टाकल्या होत्या आणि ते हात धूत होते.

निशिकांत ओट्यावर चढला नाही. खालच्या पायरीवर बसला.

"आणलंस?"

"नाही."

"मास्तरांनी सांगितलं नाही?"

"मास्तर म्हणाले, डॅनियलला नाही जमलं म्हणून सांग." त्याचा आवाज फाटला. "पण तसं नाही, बुवा. त्यांना काल जमलं होतं. काल आलं होतं त्यांच्या ओठांवर. मी... मी मध्येच तोडलं."



निशिकांतनं मग सगळं सांगितलं. रीमचं, पायरीचं, करीमच्या नावाचं. सांगताना त्यानं कुठंही आवाज खाली-वर केला नाही. मध्ये थांबला तेव्हाही ती भाषणातली थांबण्याची जागा नव्हती. पुढचं नुसतं निघत नव्हतं, इतकंच.

"मला वाटत होतं, मी मेलेल्यांच्या वतीनं बोलतोय," तो शेवटी म्हणाला.

बुवांनी पंच्याला हात पुसले. खाडीकडून वारा येत होता. कुठंतरी होडी ओढणाऱ्यांचा हाकारा ऐकू आला, मग तोही थांबला.



"बुवा..."

"हं."

"मग मी गप्पच बसू का?" या वेळी त्याच्या आवाजात वादाचा लवलेश नव्हता. "उद्या पुन्हा माणसं मरतील. या बाजूची मरतील, त्या बाजूची मरतील. हे का होतंय, कुणी केलं, हे कुणीतरी विचारलंच पाहिजे ना?"

"पाहिजे."

"कुणाचा दोष किती, हेही?"

"तेही. अगदी नाव घेऊन."

"म्हणजे कारणांच्या मागं जायचं?"

"जायचं. मुळापर्यंत जायचं."

"मग माझं चुकलं कुठं?..."

दयाळबुवांनी डाळिंब्यांची परात उचलली आणि ते आत निघाले. उंबऱ्यापाशी थांबले. त्यांनी मागं वळून त्याच्याकडे पाहिलं नाही.

"त्या वाटेवर मेलेल्यांची घरं लागतात. तिथं चपला तेवढ्या बाहेर काढत जा."