गुरुजींनी मागितलेला पाळणा

एकदा एका नदीकाठच्या गावात श्रीरंग नावाचा एक वास्तुविशारद राहत असे. त्याचे बालपण तिथल्या जुन्या पेठेत गेले होते. तांबटांच्या हातोड्यांचा नाद, उन्हात वाळणाऱ्या रंगीत रेशमाच्या लडी, सुतारांच्या अंगणातला सागाच्या भुशाचा वास, सारे त्याला अजून आठवे. पुढे नवा रस्ता गावाबाहेरून गेला आणि पेठेतली दुकाने एकेक करून बंद पडली. वर्षभरात पेठ जागी झाली नाही तर ती पाडायची, असे नगरपालिकेने ठरवले.

श्रीरंगाने जिवाचे रान केले. एकट्याने आराखडे काढले, भिंती रंगवून घेतल्या, फरशी बसवली, दिवे लावले. उद्घाटनाला गर्दी लोटली. आठवड्याने पुन्हा शुकशुकाट! खिन्न होऊन तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी ऐकून घेतले, काठी उचलली आणि ते थेट पेठेत आले. धोंडीबा सुताराची कडी वाजवून म्हणाले, "धोंडीबा, मला पाळणा हवा आहे."

गुरुजी आजन्म ब्रह्मचारी. श्रीरंग ओशाळला. धोंडीबाला हसू आवरेना. "गुरुजी, या वयात पाळणा? कुणासाठी?"

"ते मागाहून सांगेन. तुझे वडील करायचे तसा हवा, चार मोरांचा."

"मोर मी कोरीन. पण कड्या शांताराम तांबटाच्याच हव्यात, अन् टांगायचे रेशमी गोफ रहिमतबी पटवेकरणीचे. त्या दोघांशी बोलून मला बारा वर्षं झाली."

"मग आज बोल."

धोंडीबा गेला. शांतारामाने कुरकुरत भट्टी पेटवली. "हात विसरले असतील, भाऊ," असे म्हणत रहिमतबीने रेशीम काढले. हात काहीच विसरले नव्हते. पाळणा भरचौकात जोडला जाऊ लागला. नव्या रस्त्यालगत उठलेल्या वसाहतीतली माणसे तो पाहायला थांबत. कुणी समई मागे, कुणी पाट, कुणी मंगळसूत्र गाठवून घेई. पाळणा चावडीत टांगला गेला तेव्हा निम्मी पेठ उघडली होती. पाडकामाचा विषय पुढे सभेत निघालाच नाही.

श्रीरंग म्हणाला, "मी इतकं दिलं ते वाया गेलं. तुम्ही तर नुसतं मागितलंत!"

"बाळ, तू पेठेला सारं दिलंस, तिच्याकडे मागितलं मात्र काहीच नाहीस. आपल्याकडून कुणालाच काही नको, असं कळलं की माणूस मिटत जातो. भिंती तुला एकट्याला रंगवता आल्या. पाळणा एकट्याच्यानं होत नाही, म्हणून तो मागितला. या पेठेत आता जे मूल जन्माला येईल, त्याचं बारसं यात होईल."

श्रीरंग चौकात गेला. मग समोरच्या वृद्ध अत्तरवाल्यापाशी जाऊन म्हणाला, "चाचा, हा चौक कसा असावा, असं तुम्हाला वाटतं?"

चाचांनी त्याला क्षणभर निरखले आणि थोडे सरकून बसायला जागा करून दिली.