हौसाचा ससा आणि कोयत्या

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. ज्यांना विचारावं त्यांनी मोजलीच नाहीत.

घोटणवाडीत शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गडीमाणसं कुत्री घेऊन माळावर शिकारीला जायची. कुत्र्यानं धरलेला पहिला ससा भैरोबाला दाखवायचा आणि मग म्हाताऱ्यांनी खायचा. रीत म्हाताऱ्यांनीच घातलेली, त्यामुळे तिच्यात खोट नव्हती. शिकारीचा म्होरक्या दौलबा, आणि त्याचा कुत्रा कोयत्या. कोयत्या पळाला की सावली मागं राहायची, असं म्हणतात.

दौलबाची सून हौसा. जोंधळा काढताना तिच्या विळ्यापुढं सशाचं एवढंसं पिल्लू आलं. आई कुठं दिसेना. हौसानं ते ओच्यात घातलं आणि घरी आणलं. दौलबा हसला.

"हौसे, कालवण आपल्या पायानं घरी आलंय. चूल पेटव."

"पाव्हणा आहे, मामंजी," हौसा म्हणाली, आणि तिनं कोंबड्या झाकायचं डालगं पिल्लावर पालथं घालून वर धोंडा ठेवला.

पहिले आठ दिवस तिनं कोयत्याला ससा दाखवलाच नाही. सशाखालचं गवत कोयत्याच्या पोत्यात घातलं, कोयत्याच्या पोत्याचा तुकडा डालग्यापाशी टाकला. एकमेकांचा वास आधी अंगवळणी पडू दे, म्हणाली. मग कोयत्याला पोटभर घालून, दाव्याला बांधून, दोघांच्या मधे ती स्वतः बसायला लागली. कोयत्या टक लावून बघायला लागला की काही नाही. त्यानं आपणहून तोंड फिरवलं की भाकरीचा तुकडा. दावं रोज चार बोटं सैल. आणि दोघांना एकटं कधी म्हणून सोडलं नाही. पाण्याला निघाली तरी डोक्यावर हंडा आणि कडेवर सशाचं डालगं. अख्खी वाडी खिदळायची.

पारावरचे म्हातारे म्हणाले, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. हौसा म्हणाली, "शेपटीशी माझं काय काम? तोंड सरळ झालं की पुरे."

चार महिन्यांनी कोयत्या निजायचा आणि ससा त्याच्या पोटाला टेकून कान पुसत बसायचा. हौसा तिथंच, भाकरी थापत. तेव्हा म्हातारे म्हणायला लागले, हिच्याकडं वशीकरणाची मुळी आहे. बाईनं रोज बसून काही केलं असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरणं कठीण. ते स्वतः रोज नुसतेच बसायचे. तात्याबा नावाच्या म्हाताऱ्यानं तिच्या कोनाड्यातलं वेखंड तीच मुळी समजून चोरलं, आपल्या कुत्र्याला चारलं आणि त्याला कोंबड्यांत सोडलं. सात कोंबड्या गेल्या. तात्याबा म्हणाला, कोंबड्यांनाच वळण नव्हतं.

मग शिमगा आला. हौसाच्या हट्टानं त्या वर्षी कोयत्या घरी राहिला. बाकीची दहा कुत्री दिवसभर माळ उकरून रिकाम्या तोंडानं परत आली. देव उपाशी राहिला म्हणून म्हातारे कळवळले. म्हणजे कोण उपाशी राहिलं, ते तुम्ही ओळखलंच. तात्याबानं दौलबाला सुचवलं की ससा तर तुझ्याच पडवीत आहे. दौलबाला चारचौघांत मान खाली घालायची नव्हती. त्यानं सून, ससा आणि कोयत्या, तिघांना देवळापुढं बोलावलं.

हौसानं डालगं आणलं.

"कुत्र्यानं धरलेलाच ससा चालतो, अशी रीत ना? मग बाकीची कुत्री बांधा आणि कोयत्याला सांगून बघा."

देवापुढं दावं चालत नाही, असं म्हातारे म्हणाले. ही रीत त्यांनी तिथल्या तिथं घातली. आणि तात्याबानं काठीनं डालगं उलथलं.

दहा कुत्री एकदम सुटली. कोयत्यानं झेप घेतली. हौसानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा ससा कोयत्याच्या पुढच्या दोन पायांमधे होता आणि कोयत्याचं तोंड त्या दहांकडं. तो गुरगुरला. भैरोबाची घंटा आपोआप वाजली, पाराचा पिंपळ पानापानानं सळसळला आणि दहाही कुत्री पोटावर बसली, असं म्हणतात. तात्याबाही बसला, असंही म्हणतात.

दौलबा ओरडला, "धर, कोयत्या." तीनदा ओरडला. तिन्ही वेळा कोयत्यानं सशावरून तोंड फिरवलं आणि भाकरीसाठी हौसाकडं बघितलं.

मग दौलबानं आपल्या फडक्यातली भाकरी सोडली आणि सुनेच्या हातात दिली. "घाल त्याला," म्हणाला. वाडीच्या इतिहासात म्हाताऱ्यानं हार मानल्याची ही एकच नोंद.

हौसा गेली, कोयत्या गेला, ससा तर त्या दोघांनंतर गेला म्हणतात, आणि सशाचं आयुष्य किती ते तुम्हाला माहीत आहे. घोटणवाडीत अजून शिमग्याला शिकार होत नाही. त्या दिवशी सगळी कुत्री बांधतात, आणि सगळ्यात म्हातारा माणूस वाकून त्यांना आधी भाकरी घालतो. घरात पाडस, करडू, मांजराचं पिल्लू, कुणीही नवं आलं की जुन्या आणि नव्याच्या मधे पंधरा दिवस एकजण बसतो. त्याला 'हौसा बसवणं' म्हणतात.

नवी सून आली तरी हौसा बसवतात. फक्त दावं कुणाला बांधायचं, त्यावर पारावर अजून भांडण चालू आहे.