कोमट पाणी

नदीकाठी विजेचा कारखाना नवा नवा उभा राहिला, त्या काळची ही गोष्ट. ऐन थंडीत कारखान्याच्या नळातून नदीत कोमट पाणी पडे. तिथे राहणाऱ्या मरळ मासोळीला वाटले, उन्हाळा लागला. तिने अंडी घातली.

"अगं बाई, एवढी घाई?" म्हातारे कासव म्हणाले. "वर माणसं शेकोट्या पेटवतायत."

"कासवबाबा, तुम्ही हळू चालता म्हणून सगळ्यांनीच रखडायचं का? आम्ही मासे पाण्याचं ऐकतो. पाणी कधी खोटं बोललंय?"

कासव नळाच्या तोंडाशी जाऊन आले. पाणी खरेच कोमट होते.

मग दुरुस्तीसाठी कारखाना बंद झाला आणि नळही थांबला. सकाळपर्यंत पाणी गारठले, अंडी पांढरी पडून वाया गेली. मरळ त्यांच्याभोवती फिरत राहिली.

"उन्हाळा आला होता ना, बाबा? मग गेला कुठे?"

कासव तिच्याबरोबर अंड्यांभोवती फिरू लागले.

वैशाखात सगळी नदी तापली. बाकीच्या मासोळ्यांनी अंडी घातली. मरळीचेही पोट जड झाले होते, पण तिचा धीर होईना. येणाऱ्या प्रत्येक लाटेला ती विचारत राहिली, "तुझी ऊब खरी ना गं? उद्याही असेल ना?"