ओंजळभर झरी

जनावरं एकमेकांना पाण्याचा पत्ता विचारत हिंडायची, तेव्हाची ही गोष्ट. करवंदीच्या जाळीमागे एक नवी झरी फुटली होती. पाणी गोड, पण तिकडे कुणी फिरकेना, आणि पाचोळा तर रोज तोंडाशी साचत चाललेला. असंच चाललं तर आपण बुजून जाणार, हे तिला कळून चुकलं.

मग ती कपारीत पाणी आपटून धबधब्यासारखी गर्जायला लागली. तहानलेला गवा धावत आला. पाहतो तर ओंजळभर पाणी! "खोटारडी!" म्हणून तो फुरफुरत निघून गेला आणि रानभर सांगत सुटला.

झरी रडत बसली नाही. तिने खालच्या वळणावरच्या म्हाताऱ्या डोहाला हाक मारली. "आजोबा, तुमच्याकडे अख्खं रान येतं. मला शिकवा."

"आधी ओरडणं थांबव," डोह म्हणाला. "तुझ्याएवढ्याच पाण्यासाठी कोण वणवण करतंय, ते ऐक."

झरी गप्प झाली. तेव्हा कुठे तिला रानकोंबडी ऐकू आली. "डोहावर नको रे बाळांनो, बुडाल!"

झरीने कंबर कसली. पाचोळा लोटत लोटत ती जाळीबाहेरच्या सपाट खडकावर आली, तिथे उथळ पसरली आणि हळू खुळखुळत राहिली. एके दिवशी रानकोंबडी पिल्लांना घेऊन आली. तिच्या मागोमाग ससे आले आणि पायवाट पडली.

उन्हाळ्यात गवा पुन्हा तिथून चालला होता. "गवादादा, तुझी तहान माझ्याच्याने भागायची नाही," झरी म्हणाली. "खाली डोहावर जा."

गवा डोहावर पोटभर प्यायला. काठाशी एक लांडोर पिल्लं घेऊन घुटमळत होती. तो तिला म्हणाला, "इथं खोल आहे, बाई. वर झरीकडे जा. ती खोटं बोलत नाही."