तान्ह्याची राखण

"मग त्या तान्ह्यालाच गोवर का शिवला नाही?" रेवणबुवांनी विचारलं.

मार्तंड या प्रश्नाची वाटच पाहत होता. टेकडीवरच्या मठीत बुवांचा चेला म्हणून राहून त्यानं पुष्कळ मंत्र पाठ केले होते. आज पहिल्यांदाच त्यातला एक लागू पडला होता.

"मी गंडा बांधला, बुवा. मंत्र घालून."

बुवा उठले. "चल, दाखव."

खालची वाडी भरदुपारी गप्प होती. दारोदार कडुलिंबाचे डहाळे टांगलेले. गोवर घरात शिरला की फोडणी देत नाहीत, म्हणून कुठल्या चुलीचा वासही नव्हता. पोरांचं रडणं ऐकू येत नव्हतं. रडायची ताकदच कुणात उरली नव्हती.

तरी मार्तंड ताठ मानेनं पुढं चालला होता.

भागीरथीच्या एकखणी घरात तिचा थोरला मुलगा तापानं फणफणला होता. अंगभर लाल पुरळ. त्याला चिकटूनच, त्याच गोधडीवर, तिच्या भावाचं तान्हं निजवलेलं. वेगळं ठेवायला दुसरी जागा नव्हती. तान्ह्याची आई चंद्रा बाळंतपणातच गेली होती.

बाळ जागं होतं. कोपऱ्यातल्या अंधाराकडं बघून ते खुदकन हसलं.

कोपऱ्यात कुणी नव्हतं.

"दिवसभर असंच करतं," भागीरथी हळू आवाजात म्हणाली. "मला भ्या वाटतं, बुवा."

बुवांनी मार्तंडकडं पाहिलं. "गंडा आणखी कुणाला बांधलास?"

"सगळ्याच पोरांना."

"ह्यालाही?"

तापलेल्या मुलाच्या दंडावर तोच काळा दोरा होता. मार्तंडनं मान डोलावली.

"आणि हौसाच्या लेकीला?"

त्या पोरीला काल मूठमाती दिली होती. दंडावर गंडा तसाच होता, गाठसुद्धा सैल झाली नव्हती...

बुवा वाकले. तान्ह्याच्या दंडावरचा दोरा त्यांनी सोडला आणि चुलीत टाकला.

"बुवा, नका! पोर उघडं पडेल!"

दोरा जळून गेला. शेजारचा मुलगा खोकला, थेट बाळाच्या तोंडावर. भागीरथीनं घाईनं त्याचं तोंड दुसरीकडं वळवलं.

बाळानं जांभई दिली आणि मूठ चोखू लागलं.

"चंद्राला गोवर येऊन गेला होता का गं?" बुवांनी विचारलं.

"लहानपणी, माहेरी. वाचायची नाही म्हणत होते सगळे. पुन्हा मात्र कधी आला नाही. गोवरातली पोरं मांडीवर घेऊन बसायची, तरी नाही."

"तिच्या रक्ताला वैऱ्याची ओळख पटली होती. पोर पोटात असताना तीच ओळख तिनं नाळेतून त्याच्या रक्तात पाठवली. पहारा बसवून ठेवला."

"पण ती तर गेली, बुवा..." मार्तंडचा आवाज खाली आला होता.

बुवांनी त्याचा हात धरला आणि बाळाच्या छातीवर ठेवला.

"कुठं गेली?"

तळव्याखाली इवलंसं काळीज भराभर उडत होतं. आपल्या पाठीशी कुणीतरी येऊन उभं राहिलंय, बाळाकडं बघतंय, असं मार्तंडला वाटलं. वळून बघायचं धाडस झालं नाही. हात मात्र त्यानं काढून घेतला नाही.

"किती दिवस राहील ती?" त्यानं विचारलं.

"पोर रांगायला लागेस्तोवर. फार तर थोडं पुढं. मग जराजराशी ओसरत जाईल. पोराला कळणार नाही, तुम्हालाही नाही."

भागीरथीनं तोंडाला पदर लावला. कोपऱ्याकडं बघून बाळ पुन्हा हसलं.

"मग आम्ही काय करायचं, बुवा?"

बुवा उंबऱ्यापाशी पोचले होते. ते थांबले.

"तिचं सुतक तेव्हा धरा."